सासूबाईंचा मुराळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, देवळ्याला जायचं, आणि जाताना सप्तशृंगगड करायचा, असं मी ठरवून टाकलं. सोबत सासूबाई. आमच्याकडे आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात आणि न्यायला भाऊ मुराळी म्हणून येतो. सासूबाईंचा भाऊ दरवर्षी सटाण्याहून यायचा. मागच्या वर्षी तो गेला आणि त्या घराला कुलूप लागलं. "आमच्याकडे चला," म्हटलं, तर म्हणाल्या, "सुनेच्या माहेरी कोणी आखाजी करतं का? लोक हसतील. देवीला भेटेन आणि परत फिरेन." झालं! ह्यांना वीजकेंद्रात शिफ्ट, म्हणजे सणाला सासूबाई एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये एकट्या. माझ्या जिवाला घोर लागला.

एकलहऱ्याहून नाशिकचा द्वारका चौक, पुढे रिक्षाने सीबीएस स्टँड आणि तिथून गडाची एसटी. जाणार असाल तर पहिलीच गाडी पकडा, उन्हात पायऱ्या भाजतात.

सासूबाई देवीपुढे हात जोडत नाहीत, भांडतात. "आई, सगळ्या लेकींना बोलावणं आलं. माझं काय? तुला तरी आठवण आहे का?"

"आजी, पुढे सरका," पुजारी म्हणाला.

"थांब रे! मायलेकींच्या मध्ये बोलू नकोस."

मला हसू आलं आणि रडूही.

खाली नांदुरीला माझा भाऊ बापू जीप घेऊन उभाच होता. सासूबाई नाशिकच्या गाडीकडे वळल्या, तशी त्याने त्यांची पिशवीच काढून घेतली. "कुठे निघाल्या? मी दोन्हीस्ले लेवाले येल शे." दोघींना न्यायला आलोय! विहिणींना आणलं नाहीस तर तूही घरी येऊ नकोस, असं आईने त्याला बजावलं होतं म्हणे. मला पत्ताच नव्हता.

सासूबाईंनी वर गडाकडे पाहिलं. "इतक्या लवकर ऐकलंस होय गं?" डोळे पुसले आणि जीपमध्ये पुढची सीट पटकावली. मी मागे, कांद्याच्या गोण्यांवर.

देवाची माया वगैरे मला कीर्तनात कधी कळली नाही, लगेच पेंग येते. त्या दिवशी कळली. देवी काही डोंगर उतरून आली नाही. माझ्या आईला सुचलं आणि बापूची खटारा जीप आली, बस्स.

देवळ्यात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. लिंबाला झोका. सासूबाई पदर खोचून त्यावर!

"विहीणबाई, पडाल हो!" आई ओरडली.

"तुम्ही ढकला जोरात!"

निघताना आईने ओटी भरली ती आधी त्यांची. मी तोंड फुगवलं, पण कोणी लक्ष दिलं तर शपथ.

घरी येतोय तोच शेजारीण दारात. "काय हो, सुनेच्या माहेरी गेला होता म्हणे?"

सासूबाईंनी कांद्याची पिशवी खाली ठेवली.

"सुनेच्या कशाला? माझ्या. मुराळी आला होता न्यायला."