बांधाचं तुमी, वाहाचं आमी

"ए, खाली ठेव ते. तुह्या हातानं नाही."

मी लाकडी बल्लीवर उभा होतो, हिरोच्या कटआउटच्या खांद्याएवढ्या उंचीवर. हातात दुधाची कॅन. अकोल्यातली टॉकीज, सकाळचा पहिला शो, खाली डीजे आणि अंगात आल्यासारखी नाचणारी पोरं. हिरो दक्षिणेतला, सिनेमा हिंदीत डब केलेला. त्याच्या फॅन क्लबात मी पहिल्या दिवसापासून होतो. मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला, म्हणून प्रत्येक सिनेमाला कटआउट मीच उभारायचो. बल्ल्या बांधून हाताला सुतळीचे चरे पडायचे. दूध मात्र दरवेळी दुसरं कुणी ओतायचं. त्या दिवशी मी वर होतो, कॅन दोरीनं वर आली, मी धरली. एवढंच झालं होतं.

खालून बोलत होता तो विकीभाऊ. क्लबचा अध्यक्ष, बापाची जिनिंग फॅक्टरी. मला वाटलं, गंमत करतोय.

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? अभिषेक आहे तो. बांधाचं तुमी, वाहाचं आमी."

आमची वस्ती बौद्धांची. हे त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. काही जण हसले. गजू, माझा शाळेपासूनचा दोस्त, मान खाली घालून मोबाइल पाहत राहिला. प्लायवूडच्या माणसाला माझा विटाळ होत होता. कामापुरता मामा असतो, तसा मी त्यांचा कामापुरता फॅन.

मी कॅन खाली सोडली. सवयीनं. त्यांच्यापेक्षा त्या सवयीची मला जास्त चीड येते.

मग आत सिनेमा. हिरो तहानलेला, मालदाराच्या विहिरीवर येतो. मालदाराची माणसं त्याला अडवतात. तो एकेकाला विहिरीच्या काठावर आपटतो आणि ओंजळीनं पाणी पितो. पोरांनी टॉकीज डोक्यावर घेतली. शिट्ट्या, कागदाचे कपटे, आरोळ्या. विकीभाऊ खुर्चीवर चढून ओरडत होता, "मार साल्याले, अजून मार." मी पडदा सोडून त्याच्याकडेच पाहत बसलो. माझ्या तोंडून शिट्टी निघेना.

मध्यंतरात दिवे लागले. मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"ज्याच्यासाठी शिट्ट्या मारून राहिले न तुमी, तो मी आहो. अन् ज्याले मार म्हणून राहिले, तो हा बसला, विकीभाऊ."

विकीभाऊनं आणि क्लबच्या पोरांनी मला कॉलर धरून पार्किंगमध्ये ओढत नेलं.

बेल्ट. लाथा. बुटाच्या टाचा. "तुमची जयंती आहे न नाचाले, इथं कायले येतं बे?" कुणीतरी हेल्मेट उचललं आणि तोंडावर हाणलं. समोरचा दात तुटून जिभेवर आला. माझे हात मागून कुणी धरले होते. मान वळवली तर गजू. तो कानात म्हणत होता, "माफी माग, सोडून देतीन ते."

नाही मागितली. तोंडात रक्त होतं, ते विकीभाऊच्या पांढऱ्या शर्टावर थुंकलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला मुद्दाम विटाळलं.

आतून शिट्ट्या ऐकू आल्या. सिनेमा पुन्हा सुरू झाला होता. तो चुकू नये म्हणून त्यांनी मला तिथंच टाकलं आणि आत पळाले.

अमरावतीला ताईकडे आलो. ताई दवाखान्यात नर्स आहे. ओठाला टाके, जेवण म्हणजे नळीनं ओढलेली पेज. एका दुपारी तिनं फोनवर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा मेळावा, सगळे सिनेमाचे, कॉमिक्सचे वेडे. कुणी योद्धा झालेला, कुणी अंतराळवीर, सगळे नाचत होते. मधेच राणीच्या पोशाखातल्या एका बाईनं माईक घेतला. दुसऱ्या मेळाव्यात लोक तिला म्हणाले होते, राणी काळी नसते. ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. आनंदाच्या वेळी हे कशाला, असं तिला कुणी म्हटलं नाही. सगळ्यांनी ऐकलं, मग पुन्हा ढोल वाजू लागले.

"पाह्य," ताई म्हणाली, "रडत नाही ते. सांगून राह्यली."

मी मोबाइल भिंतीला टेकवला आणि बोललो. दात नसल्यानं शब्द फुसफुसत होते. नावं घेतली, सगळ्यांची. गजूचंही. व्हिडिओ टाकला आणि पोलिसांत तक्रारही दिली.

आठवड्याभरात गजू अमरावतीला आला. ताईनं त्याला चहा दिला.

"विकीभाऊ म्हणते, पुढच्या सिनेमाले दूध तूच वाह्य," तो म्हणाला. "फक्त तो व्हिडिओ काढून टाक अन् केस मांगं घे. हिरोवर जीव आहे न तुहा?"

आहे. अजूनही आहे. म्हणूनच डोकं फिरलं. माझंच प्रेम मला लाच म्हणून द्यायला निघाले होते.

"दूध नको मले," मी म्हणालो. "साक्ष पाह्यजे. तू होता तिथं. कोर्टात सांग, कोणं मारलं अन् कोणं धरलं."

गजू चहा अर्धा टाकून उठला, चपला घालून निघून गेला.

जाऊ दे. व्हिडिओ राहील, केस राहील. पुढचा सिनेमा त्याच टॉकीजला लागेल आणि पहिल्या शोला मी जाईन, ताईला आणि वस्तीतल्या पोरींनाही घेऊन. शिट्टीही मारीन, तुटक्या दातातून जशी निघेल तशी. मध्यंतरात दिवे लागले की पडद्यासमोर उभा राहीन आणि परत तेच बोलेन. मारायला यायचं त्यांनी यावं. या वेळी माझे हात मोकळे असतील.