ठमी कशानं गेली

गोटीरामनं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना तिथून एकच गोष्ट घरी आणली: कारण सापडल्याशिवाय चैन पडू द्यायचं नाही. स्वतःला नाही, दुसऱ्यालाही नाही. दूध नासलं की बायकोची, आक्काबाईची, उलटतपासणी सुरू. पातेलं कोणतं? झाकण कधी ठेवलं?

"नासलं म्हणजे नासलं हो," ती म्हणायची.

"विनाकारण काही होत नसतं," असं म्हणून हा पातेल्याचा वास घेत बसायचा.

अशा माणसाची कोंबडी डिसेंबरातल्या एका सोमवारी खुराड्याबाहेर आली आणि पिसं फुलवून उभी राहिली, ती उभीच.

ठमी सात वर्षांची. गावठी, तांबूस, माणसाकडे एका डोळ्यानं तिरपं बघणारी. गोटीराम पेपर उघडायचा तेव्हा ती खुर्चीच्या हातावर चढून बसायची आणि पान उलटलेलं तिला खपायचं नाही. आता तिचं पोट पाणी भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागत होतं. गोटीरामनं मऊ भात भरवला, तो तिनं टाकला. चोच उघडून त्यानं जीभ पाहिली.

"चाळीस वर्षांत माझी जीभ नाही पाहिलीत कधी," आक्काबाई म्हणाली. पण बोलता बोलता तीही हळदीचं पाणी कोमट करत होती.

मंगळवारी सकाळी ठमी मान टाकून पडलेली सापडली. आणि कुंपणाशी सापडली उंदराच्या औषधाची गुलाबी वडी. अर्धी खाल्लेली.

कुंपणापलीकडे चंदर राहायचा. नोकरीत दोघांची पाळी एक; चंदर कोळशाकडे, हा बटणांकडे. तीस वर्षं दोघांनी एकमेकांचे डबे संपवले होते. ठमी चंदरच्या मेथीचे वाफे उकरायची आणि चंदर ओरडायचा, "एक दिवस हिचा रस्सा करतो बघ!" इतकी वर्षं तो विनोद होता. आज गोटीरामला तो कबुलीजबाब वाटला.

"चंदर! बाहेर ये!" तो भर गल्लीत उभा राहून ओरडला. "विष घालून मारलीस तू तिला!"

दारं उघडली. समोरच्या ओट्यावर भाजी निवडणारी कुसाबाई जुडी हातात घेऊनच उठली.

चंदरनं गोटीरामच्या तळहातावरची वडी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "घुशी लय झाल्यात, त्यांच्यासाठी ठेवली होती."

"मग अर्धी गेली कुठं?"

"घुशीला विचार."

कोणी हसलं नाही. चंदरही नाही, कारण त्याची स्वतःचीच खात्री नव्हती. मग तो म्हणाला, "जनावरांच्या दवाखान्यात चिरून बघू. माझं औषध निघालं तर साऱ्या गल्लीदेखत कान धरीन. पण नाय निघालं तर?"

गोटीराम घरातून पिशवी घेऊन आला.

स्कूटर चंदरची होती. पुढं तो, मागं हा, मधे पिशवीत ठमी. एरवी या दोघांच्या गप्पांनी मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे नाहीत; आज सगळे ऐकू आले.

डॉक्टर तृप्ती तरुण होत्या, पण हात सरावलेले. दोन्ही म्हातारे टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले, निकालाच्या दिवशी फळ्यासमोर उभं राहावं तसे.

"आत कुठंच रक्तस्राव नाही," त्या म्हणाल्या. "उंदराच्या औषधानं तो झाला असता. हे विष वाटत नाही."

चंदर मटकन स्टुलावर बसला.

"मग कारण?" गोटीरामनं विचारलं.

त्यांनी चिमट्यानं खरवसाच्या तुकड्यांसारखे पिवळे गोळे दाखवले. "अंड्यातला बलक. अंडनळीत जायच्याऐवजी पोटात पडला आणि सडला. या वयात, एवढ्या थंडीत अंडी घालत होती ही?"

"दिवसाआड!" गोटीरामच्या तोंडून अभिमानानं निघालं.

"दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी घालणं थांबवतात. अंगाला विसावा मिळतो. खुराड्यात दिवा लावता का?"

तीन हिवाळे चंदर त्या दिव्याच्या नावानं बोटं मोडत होता, उजेड थेट त्याच्या उशीवर यायचा. आता मात्र तो भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचू लागला.

"लावतो," गोटीराम म्हणाला. "पहाटे चारपासून उजाडेपर्यंत. अंधार पडल्यापासून नऊपर्यंत. टायमर मीच बसवलाय. तिला अंधारात बसावं लागू नये म्हणून."

"फक्त त्यानंच गेली असं मी लिहून देणार नाही. वय होतंच. पण दिव्यानं तिला थांबू दिलं नाही, एवढं खरं."

वार्षिक दुरुस्तीसाठी वीजनिर्मितीचा संच बंद ठेवा म्हणून साहेबांशी भांडणारा माणूस हा. त्यानं कोंबडीला तीन वर्षं एकही सुट्टी दिली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशीच कुसाबाईनं स्कूटर अडवली. मागं आणखी चार डोकी. "काय निघालं रे?"

"म्हातारपण," चंदर झटकन म्हणाला. "दुसरं काय निघायचं?"

सुटका झाली होती. गोटीरामनं नुसतं उतरून घरात जायचं होतं. तो उतरला, पिशवी छातीशी धरून तिथंच थांबला.

"खोटं बोलतोय तो. माझा बल्ब निघाला."

"अगं बाई!" कुसाबाईनं गालावर हात ठेवला. "आख्खा गिळला?"

"गिळला नाही, कुसाबाई. मी लावला होता. चंदरचा काही दोष नाही. मी सकाळी बोललो ते साफ चुकीचं होतं."

मग त्यानं गल्लीला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. दिवस लहान होणं, बलक, नळी. चंदर स्कूटर स्टँडवर लावून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"टायमरचं सांग ना त्यांना," तो म्हणाला. "ते राहिलं."