आधी घरचं, मग इंग्रजी

सत्तर सालानंतरची ती वर्षं. नाशकातल्या एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवायची. मराठी शाळा नावाची, पण घरी आमच्यासारखं मराठी बोलणारी पोरं वर्गात निम्मीच असतील. मनमाडहून बदली होऊन आलेल्या रेल्वेवाल्यांची मुलं हिंदीत भांडायची, पेठ तालुक्यातली आदिवासी पोरं आपापसांत त्यांच्या कोकणा बोलीत कुजबुजायची, सटाण्याकडची अहिराणीत हसायची. आणि या सगळ्यांसमोर उभं राहून मी ओरडायचं, ‘रिपीट आफ्टर मी!’ पोरं रिपीट करायची हो, छप्पर उडेल असं करायची. कळायचं मात्र डोंबल.

शेवटी वैतागून मी माझी रीत काढली. फळ्यावर चित्राचा तक्ता टांगायचा. ज्याला विचारलं त्याने उभं राहायचं आणि चित्रात काय चाललंय ते आधी घरच्या बोलीत सांगायचं, मग मराठीत, मग इंग्रजीत. पहिल्यांदा पोरं एकमेकांच्या बोलीला फिदीफिदी हसली. दोघांना मी चांगलं झापलं, तेव्हा थांबली. हळूहळू त्यांची तोंडं उघडायला लागली.

त्याच वर्षी आठवीत सटाण्याकडची एक मुलगी आली. मामाकडे राहायला आली होती. तिच्या गावच्या शाळेत इंग्रजीला मास्तरच नव्हता, त्यामुळे इंग्रजीची पाटी कोरी. मराठीसुद्धा पुस्तकातलं, चाचरत. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, “बाई, तपासणीला साहेब येणार आहेत. ही पोरगी त्यांच्यासमोर गप्प उभी राहिली तर मी तिला सरळ पाचवीत, एबीसीडीपासून बसवणार. शाळेची लाज काढायची नाही मला.”

मामाला हे कळलं तेव्हा तो शाळेत आला. साधा, भिडस्त माणूस. “बाई, एवढी मोठी पोर पाचवीच्या लेकरांत बसवली तर ती शाळेत पाय नाय ठेवायची. मंग मी तिला गावी नेऊन घालतो. तिची माय वाटच बघून राह्यली, घरात कामाला हात होतील म्हणून.” एवढं बोलून तो गेला.

मग काय, मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसायचं. ती बोलायची, पण आधी अहिराणीत सांगितल्याशिवाय तिची गाडी पुढे सरकायचीच नाही. मी बजावलं, “हे बघ पोरी, साहेबांसमोर घरचं नको हं. थेट इंग्रजी. नाहीतर आपल्या दोघींचंही काही खरं नाही.” ती मान हलवायची. मला त्या मान हलवण्याचा काडीइतका भरवसा नव्हता. घरी जेवतानाही मी तिची वाक्यं पुटपुटत होते. नवरा म्हणाला, “तपासणी तिची आहे की तुझी?” मी ताट सरकवून उठले.

साहेब आले. मागे मुख्याध्यापक, हात बांधून. तक्ता घरातल्या चित्राचा होता: चुलीपुढे आई, पाटावर मुलं. साहेबांनी वर्गावरून नजर फिरवली, मी मनात म्हटलं, देवा, दुसऱ्या कुणाला तरी उठव. नेमकं तिच्याकडेच बोट. “यू. व्हॉट डू यू सी?”

ती उभी राहिली. एकदा माझ्याकडे बघितलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “माय भाकरी करी ऱ्हायनी.”

मेले! मुख्याध्यापकांचा चेहरा लालबुंद. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “हे काय? इंग्रजीचा तास आहे ना? सिट डाउन.”

ती बसली नाही. बाकाची कड घट्ट धरून तशीच उभी. “आई भाकरी करते आहे,” ती म्हणाली. मुख्याध्यापक दबक्या आवाजात ओरडले, “अगं बस!” तरी नाही.

“मदर इज मेकिंग भाकरी,” ती म्हणाली. जरा थांबली. मग मी कधीच न शिकवलेलं बोलली, “शी इज नॉट ईटिंग.”

साहेबांनी वळून तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या पुढ्यात ताट होतं, आईच्या पुढे नव्हतं. इतके महिने मी तो तक्ता टांगत होते, पण मला कधी दिसलं नव्हतं ते. “गुड,” साहेब एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले.

साहेब गेल्यावर मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात गाठलं. “राहू द्या तिला आठवीत. पण बाई, उद्यापासून तुमच्या तासाला ती गावठी बोली कानावर आली तर माझ्याशी गाठ आहे.” पोर वाचली म्हणून मला रडू येत होतं आणि या माणसाच्या अंगावर डस्टर फेकावं असंही वाटत होतं. मी ‘बरं सर’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, यापुढे फक्त इंग्रजी. मग तिलाच प्रश्न विचारला. ती उठली, पण आवाज फुटेना. नुसते ओठ हलत होते; ओठांवरून मला कळलं, आधी अहिराणी चालली होती. दारातून मुख्याध्यापक डोकावले. “काय गं, अडलीस ना? सांग की लवकर!”

मी म्हणाले, “सर, थांबा जरा. ती बोलतेय.”