सावनेरची नकटी मोटार

मोटारी पाहण्याचं मला लहानपणापासून वेड होतं, आणि योगायोगानं कारकुनीही मिळाली ती मोटारींच्या रजिस्टरवरच. नागपुरात त्या काळी मोटारी इतक्या थोड्या होत्या की बर्डीवर उभं राहिलं तर नुसत्या भोंग्यावरून कुणाची गाडी आली ते सांगता यायचं. सरकारी रजिस्टरात गाडीचा नंबर, साल, रंग आणि मालकाचं नाव-गाव एवढंच लिहायचं असे. पण मला तेवढ्यावर थांबवत नसे. एखादी गाडी वेगळी दिसली की मी घरी येऊन माझ्या वहीत तिचं सगळं वर्णन उतरवून ठेवायचो. एका पाद्रीबाबाची तीन चाकांची गाडी होती, ती वळणावर एका अंगाला कलायची आणि पाद्रीबाबा दुसऱ्या अंगाला कलायचे. छिंदवाड्याकडच्या एका जमीनदारीणबाईंच्या मोटारीला काचांऐवजी बांबूच्या काड्यांचे चिकाचे पडदे होते आणि आत गादी-तक्क्याची बैठक. इतवारीतल्या एका गल्लीत तर एक म्हातारी मोटार मागून उचलून विटांवर ठेवली होती. तिच्या मागच्या चाकाला पट्टा लावून मालक पिठाची चक्की चालवत असे.

"कचेरीत रजिस्टर लिहिता आणि घरी येऊन पुन्हा रजिस्टरच लिहिता," बायको म्हणायची. आम्ही नुकतेच धरमपेठेत दोन खोल्यांत राहायला आलो होतो. तिचं म्हणणं खरं होतं, पण त्या वहीत मला जो आनंद मिळे तो दुसऱ्या कशातच मिळत नव्हता.

नवरात्रात एकदा सायकल काढून मी कोराडीच्या देवीला गेलो होतो. दर्शन करून बाहेर आलो तर चिंचेखाली एक मोटार उभी. तशी गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. प्रत्येक मोटारीला पुढे जाळी असते, तिच्यामागे पाण्याची टाकी असते. या गाडीला पुढे काही नव्हतंच. इंजिनावरचा टप वरून सरळ खाली घसरत गेलेला, जसं एखाद्याचं नाकच नाही. मी खाली वाकून पाहिलं तर गाडीची खालची चौकटही लोखंडाची नव्हती, लाकडाची होती.

"काय पाहून राहिले तुमी?" मागून आवाज आला.

धोतर, वर काळा कोट आणि पायात बूट असे एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. गाडी त्यांचीच. सावनेरला त्यांचा दवाखाना होता.

"हिची पाण्याची टाकी कुठं आहे?" मी विचारलं.

"नाई. हिले तहान लागत नाई."

त्यांनी टप उघडून दाखवला. इंजिन पाण्यानं नाही, हवेनं थंड व्हायचं. पुढे मोठा पंखा होता, तो वारा ओढून इंजिनावर सोडायचा. मँगनीजच्या खाणीवर एक गोरा इंजिनिअर होता, त्यानं ही गाडी अमेरिकेहून आणवली होती. त्याला विषमज्वर झाला तेव्हा डॉक्टर एकवीस दिवस त्याच्या उशाशी होते. तो देश सोडून गेला तेव्हा गाडी यांना देऊन गेला. सगळीकडे लोक तिला नकटी म्हणत. वैशाखात सावनेरच्या रस्त्यावर इतर गाड्या वाफ सोडत उभ्या राहायच्या, तेव्हा नकटी त्यांच्या शेजारून निघून जायची.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. डॉक्टर देवीला आल्याचं त्याला रस्त्यात कुणीतरी सांगितलं होतं.

"डॉक्टरसाहेब, चाला. पोरीचे कालपासून हाल होऊन राहिले. सुईण म्हणते, माह्या हातचं नाई आता."

डॉक्टरांनी त्याला मागं बसवलं आणि मला म्हणाले, "कंपाउंडर आला नाई आज. तुमी चालता का? मले उजवीकडचं दिसत नाई."

गाडी अमेरिकेची, म्हणून तिचं स्टिअरिंगचं चाक डाव्या बाजूला होतं. पुढे बैलगाडी असली तर समोरून काय येतंय ते डॉक्टरांना दिसायचं नाही. उजवीकडे बसलेल्यानं पाहून सांगायचं, मग ते गाडी पुढे काढणार. मी सायकल पुजाऱ्याच्या ओसरीला लावली आणि बसलो. रस्ताभर मी "थांबा" आणि "चला" एवढंच बोललो. पुढे शेतांमधली पांधण लागली. दोन्ही बाजूंनी तुरी आणि मधे चाकोऱ्या. लाकडी चौकटीमुळे असेल, पण ती गाडी खड्ड्यात आदळत नव्हती, नुसती लवत होती.

दोन तास मी त्या घराच्या अंगणात बसून होतो. आतून येणारा आवाज मधेच थांबला तेव्हा पोरीच्या बापानं माझ्याकडे पाहिलं, जसं काही मला ठाऊक असावं. मग बाळाचं रडणं ऐकू आलं. डॉक्टर बाहेर येऊन हात धूत म्हणाले, "दोघंही आहेत." घरातली म्हातारी बाहेर आली आणि तिनं आधी गाडीला हळदकुंकू लावलं.

त्यानंतर दोन वर्षं मी जमेल तेव्हा सावनेरला जात असे. कंपाउंडर नसला की उजवीकडे मी. नकटीबद्दल माझ्या वहीत अकरा पानं भरली होती.

मग लढाई आपल्या दाराशी आली. रंगून पडलं, शहरात लष्कराच्या गाड्या वाढल्या, टायर मिळेनासे झाले. खाजगी मोटारी लष्करासाठी ताब्यात घ्यायचा हुकूम कचेरीत आला. रजिस्टरावरून यादी करायची होती आणि ते काम माझ्याकडे होतं. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या वगळायच्या, असं साहेबांनी सांगितलं. नकटी अठरा वर्षांची होती. तिचं नाव यादीत आलं नाही म्हणून मला किती बरं वाटलं होतं, ते आज आठवतं.

यादी आणि रजिस्टर घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब आपल्याकडचेच होते, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी यादी वाचली आणि सहज विचारलं, "तुम्हाला म्हणे मोटारींतलं फार कळतं. बडे बाबू सांगत होते."

मी हसलो. इतक्या वर्षांत साहेबांनी मला कामाव्यतिरिक्त काही विचारलं नव्हतं. त्यांनी खुर्चीकडे हात केला, आणि मी बसलो. पाद्रीबाबांची तीनचाकी सांगितली, पिठाची चक्की सांगितली. साहेब मनापासून हसले. त्यांनी विचारलं, "या सगळ्यांत तुम्हाला आवडलेली कोणती?"

आणि मी सावनेरच्या नकटीचं सांगितलं. पाणी लागत नाही, हे सांगितलं. मे महिन्यात बावीस मैल न थांबता येते, हे सांगितलं. लाकडी चौकटीमुळे ती खड्ड्यात कशी लवते, ते सांगितलं. त्या खोलीत माझं ऐकणारा माणूस बसला होता, आणि मी बोलत सुटलो.

साहेबांनी पेन्सिल उचलली. "पाणी अजिबात लागत नाही?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"साहेब, गाडी अठरा वर्षांची आहे," मी म्हणालो.

"चालू आहे ना पण? वाळवंटातल्या पलटणींना अशी गाडी म्हणजे देणगीच. नंबर काय?"

मी नंबर आठवत नाही म्हणालो. ते खोटं होतं, आणि रजिस्टर माझ्याच हातात होतं. साहेबांनी ते घेतलं, पानं उलटून सावनेरची नोंद शोधली आणि यादीच्या शेवटी आपल्या हातानं एक ओळ वाढवली.

"साहेब, ती डॉक्टरची गाडी आहे. आजूबाजूच्या चाळीस गावांत दुसरा डॉक्टर नाही."

"सरकारी दवाखान्यातले का?"

"नाही. स्वतःचा दवाखाना."

"मग त्यांनी अर्ज करावा. अर्जाचा विचार होतो."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या पहिल्या गाडीनं जा. अर्ज तुम्हीच लिहा."

छोट्या लाइनच्या गाडीनं मी सावनेरला गेलो. यादीत नाव आलंय एवढंच डॉक्टरांना सांगितलं, कसं आलं ते सांगितलं नाही. सांगायचं ठरवून गेलो होतो. पण त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बरं झालं, कचेरीत आपला माणूस आहे." मी अर्ज लिहिला, त्यांनी सही केली. गावोगावच्या पाटलांचे अंगठे आणि सह्या घेऊन आम्ही दुसरा कागद जोडला. मी स्वतः तो आवक रजिस्टरात चढवला, आणि माझ्या समोरून तो अर्ज वरच्या कचेरीत गेला. रोज मी बडे बाबूंना विचारायचो. रोज ते मान हलवायचे.

उत्तर यायच्या आत गाडी जमा करायची तारीख आली. डॉक्टरांनी नकटी स्वतः चालवत आणली. सदर बाजाराच्या पलीकडे एका मैदानात गाड्या जमा करत होते. कंपाउंडर उजवीकडे बसला होता. डॉक्टरांनी तिथल्या हवालदाराला टप उघडून दाखवला. "हिच्यात पाणी टाकू नका. आणि पंख्याचा पट्टा ढिला ठेवू नका, तापते मग." हवालदार पंजाबी होता. त्याला काय कळलं ठाऊक नाही. तो हसला आणि खडूनं टपावर नंबर लिहिला.

दहाच दिवसांत लष्करी मिस्त्रींनी शेरा मारला: टायरचं माप मिळत नाही, सुटे भाग हिंदुस्थानात नाहीत, गाडी बिनकामाची. मी तो कागद वाचला आणि धावत साहेबांकडे गेलो.

"साहेब, त्यांना नको आहे. मग परत देऊ या."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "ताब्यात घ्यायचा नियम आहे. परत द्यायचा नियम अजून आलेला नाही."

"पण ती नुसती उन्हात उभी आहे."

"मला दिसतंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनाही काही करता येत नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. त्यांच्यावर रागावणंही मला शक्य झालं नाही.

डॉक्टर दर पंधरवड्याला आगगाडीनं यायचे. आधी माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "आला का काही कागद?" मग मैदानावर जाऊन तारेच्या कुंपणाबाहेरून तिला पाहायचे. आत जायची परवानगी नव्हती. मला होती. त्यांच्या सांगण्यावरून मी आत जाऊन पंखा हातानं फिरवून यायचो, गंज धरू नये म्हणून. पहिल्या पावसाळ्यानंतर तो फिरेना. मी बाहेर येऊन "फिरला" म्हणून सांगितलं.

ते आता दमणीनं फिरत. बैल चांगले होते, पण बैल ते बैल. एके दिवशी ते आले आणि कागदाचं विचारलंच नाही. बाकावर बसले. म्हणाले, "कोराडीहून आपण गेलो होतो, ती पोरगी आठवते? दुसरं बाळंतपण होतं. माणूस सकाळी आला. मी पोचलो तं दुपार टळली होती."

"मग?"

"लेकरू आहे."

मी खुर्चीवरून उठलो. आजूबाजूला चार कारकून काम करत होते. तरीही मी तिथेच, त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. नाव यादीत नव्हतं, मीच सांगितलं, साहेब ऐकत होते म्हणून मी सांगत राहिलो. पेन्सिल उचलेपर्यंत मला कळलं नाही.

डॉक्टरांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"काहून सांगितलं तुमी?" त्यांनी विचारलं. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

"मला ती फार आवडायची," मी म्हणालो.

ते उठले, टोपी घातली आणि गेले. त्यानंतर वर्षभर आले नाहीत. मी एकदा सावनेरला गेलो, तर कंपाउंडर बाहेर येऊन म्हणाला की डॉक्टरसाहेब गावाला गेले आहेत. दमणी मात्र दारातच सोडून ठेवलेली होती.

लढाई संपल्यावर परतीचा हुकूम आला. मालकांनी येऊन गाड्या घेऊन जाव्यात आणि पावती द्यावी. नकटीची चारही चाकं कुणी नेली होती. टपाखाली मुंग्यांनी वारूळ केलं होतं, लाकडी चौकट वाळवीनं पोखरली होती. पावतीवर छापील मजकूर होता, 'गाडी सुस्थितीत मिळाली'. दुसरा नमुना नव्हता. तो कागद मालकापुढे ठेवणं हे माझं काम होतं.

डॉक्टर आले. फार वाळले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कागद मागितला.

"यात खोटं लिहिलं आहे," मी म्हणालो. "नका करू सही. मी साहेबांना सांगतो."

"नाई केली तं काय होईल?"

काहीच झालं नसतं. कागद परत गेला असता आणि पुन्हा माझ्याकडेच आला असता.

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. मी टाक बुडवून दिला होता, तो त्यांनी पुसून माझ्या हातात परत दिला. भंगारवाल्याला काय ते तुम्हीच सांगा, असं म्हणाले. मग निघता निघता विचारलं, "सावनेरची गाडी कितीले सुटते आता? वेळ बदलली म्हणतात."

मी वेळ सांगितली. अजून तासभर होता. चहा घेऊ या म्हणालो, तर "नको" म्हणाले आणि स्टेशनाच्या दिशेनं चालू लागले. मी त्यांच्या मागे थोडं गेलो, पण कचेरीची वेळ झाली होती.