एका माईकवरचं दहावं गाणं

ओलेटा स्पॉल्डिंग आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं गायली आणि नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये तीस. चर्चमधला तिचा आवाज केंटकीतल्या आमच्या गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. स्टुडिओतला कुणीच ऐकला नव्हता, कारण तो पुसण्यासाठीच घेतला जाई.

युगुलगीतांच्या अल्बममधले दोन मोठे गायक क्वचितच एका खोलीत येतात. तो टेक्सासच्या दौऱ्यावर असतो, ती कॅलिफोर्नियात. मग त्याला कुणासमोर तरी गाता यावं म्हणून ओलेटासारखी बाई उभी करतात. ती बाईच्या ओळी गाते, नाववाली गायिका नंतर त्या ऐकून आपला आवाज भरते, आणि ओलेटाचा पुसून टाकतात.

"मी नवरीचं माप देणारी," ओलेटा म्हणायची. "झगा मी घालायचा, लग्न तिचं."

तिचा नवरा व्हर्नन व्हिस्कीच्या पिंपांचा ट्रक चालवायचा. तो गेल्यावर ती एकटीच राहत होती, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मुलगी ट्वायला लुईव्हिलला शाळेत शिकवते.

१९९४च्या फेब्रुवारीत ओलेटाचा घसा बसला तो बसलाच. कॅन्सर निघाला. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, आणि ताबडतोब, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात नॅशव्हिलहून जेंट्री प्रुइटचा फोन आला. तो निर्माता, मोठा गायक रॉय डेल हॅस्किन्सचा अल्बम करत होता. दहा जुनी गाणी, दहाही युगुलगीतं, प्रत्येकाला वेगळी नाववाली गायिका. नऊ नेहमीच्या रीतीने व्हायची होती. दहावं मात्र रॉय डेलला जुन्या पद्धतीने हवं होतं, एका खोलीत, एकाच माईकवर, समोरासमोर उभं राहून. त्या गाण्याची गायिका ठरली नव्हती, म्हणून त्याने ओलेटाला विचारलं. रॉय डेल दौऱ्यावरून एप्रिलमध्ये परतणार होता.

ट्वायला धावत आली. आम्ही तिघी ओलेटाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो.

"एकच माईक, ट्वायला! कळतंय का तुला?" ओलेटाचा आवाज फाटत होता. "दोघांचे आवाज एकत्रच उतरतात. मला पुसायचं तर रॉय डेललाही पुसावं लागेल. आणि त्याला कोण पुसतंय?"

"आई, डॉक्टर ताबडतोब म्हणाले."

"एप्रिल होऊ दे. मग कापा काय कापायचं ते."

"तोवर पसरलं तर? आवाजच ठेवायचा आहे ना, मग घरी टेपवर गा. आज, आत्ता. मी बटण दाबते."

"टेपवर कावळाही गाईल. मला त्या नऊ जणींच्या शेजारी राहायचंय. तीस वर्षांत माझा एक शब्द तरी राहिलाय का कुठे?"

"मावशी, तू तरी सांग हिला!"

मी ट्वायलाचीच बाजू घेतली.

"तू मधे बोलू नकोस, बर्निस," ओलेटा म्हणाली. "सिस्टर अ‍ॅग्नेलाने तुला शाळेच्या गायनवर्गात नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं."

ते खरं होतं. ट्वायलाला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. ओलेटा काही बधली नाही.

एप्रिलमध्ये मीच तिला गाडीने नॅशव्हिलला नेलं. वाटभर ती मधाचं कोमट पाणी पीत होती आणि एक शब्दही खर्च करत नव्हती. रॉय डेलने तिला पाहून हॅट काढली.

"मिस ओलेटा, तुम्ही पुढे व्हा. मी तुमच्या मागून येतो."

"आयुष्यात पहिल्यांदाच कुणी पुढे हो म्हणालं," ती म्हणाली.

घर विकून निघालेल्या नवराबायकोचं गाणं होतं. दोघांची कपाळं जवळजवळ टेकली होती. तिसऱ्या खेपेला ते संपलं तेव्हा काचेपलीकडे जेंट्रीने हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाला, "याला आता हात लावायचा नाही." ओलेटाने ते वचन समजून उराशी धरलं. मीही तसंच समजले.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. कॅन्सर मानेच्या गाठींमध्ये उतरला होता. फेब्रुवारीत तो तिथे नव्हता, हे डॉक्टरांनी ट्वायलाला बाहेर नेऊन सांगितलं. ओलेटा घरी आली ती गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन.

ऑगस्टमध्ये जेंट्रीने माझ्याकडे फोन केला.

"दहाव्या गाण्याला कंपनीला नाववाली हवी होती, बाई. एक नवी मुलगी आहे, खूप खपते सध्या. रॉय डेल तिच्याबरोबर पुन्हा गायला."

"पुन्हा? सगळं गाणं?"

"एकाच माईकवर. पोरीने मिस ओलेटांचं गाणं महिनाभर गाडीत ऐकलं, अगदी तसंच उचललं. फार आदराने केलंय आम्ही."

"आणि आधीचं?"

"त्याच टेपवर नवं घेतलं. गाडीतली नक्कलही पुसली." तो म्हणाला. "तुम्ही सांगाल का त्यांना? त्यांना फोनवर बोलता येत नाही ना."

ओलेटा मागच्या अंगणात शेंगा सोलत होती. मी सांगितलं. तिने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या, हात पुसले आणि पाटीवर लिहिलं, "ट्वायलाला सांगू नकोस."

पुढच्या महिन्यात ट्वायलाच कॅसेट विकत घेऊन आली. वेष्टनावर त्या मुलीचं नाव वाचून ती दारातूनच संतापली होती. पण गाणं सुरू झालं आणि ती टेबलाशी वाकली.

"चोर मेले! नाव तिचं छापलंय, पण ही तूच आहेस. ऐक, मावशी. इथे, ओळीच्या ऐन मधे श्वास घेतलाय. धडधाकट पोर इथे कशाला श्वास घेईल? हा आईच्या दुखण्याचा श्वास आहे!"

श्वास त्याच जागी होता. एप्रिलमध्ये ओलेटाला ती ओळ एका दमात पेलली नव्हती, आणि त्या मुलीने तिचं दुखणंही लकब समजून उचललं होतं.

"आई, तूच ना ही?"

ओलेटाने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने मान डोलावली.

"वकील गाठू का?"

तिने जोरजोरात हात हलवून नकार दिला.

"म्हणजे तू थांबलीस ते वाया नाही गेलं," ट्वायला म्हणाली. इतके महिने तिने हा विषय आईजवळ काढला नव्हता. ओलेटाने तिचा हात धरला आणि पुन्हा मान डोलावली, हळू, बराच वेळ.

नोव्हेंबरमध्ये ती गेली. अंत्यदर्शनाला ट्वायलाने शवपेटीशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून ते गाणं लावलं. गाव रांगेने पुढे सरकत होतं. "हुबेहूब ओलेटा," म्हणत बायका डोळे टिपत होत्या, आणि पुरुष जेंट्रीच्या कंपनीला शिव्या देत होते. चर्चमध्ये तीस वर्षं ओलेटाच्या खांद्याला खांदा लावून गायलेली नेल क्लेमेंट्स हॅमची बशी हातात धरून कोपऱ्यात उभी होती. तिने पहिलं कडवं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि बशी तशीच ठेवून बाहेर निघून गेली.

ट्वायला माझ्याजवळ आली.

"ओळखलास ना आवाज, मावशी?"

मी हो म्हटलं. ती टेप मागे फिरवायला गेली.