गंजक्या हातोड्याचं नवं गाणं

"बंद कर रे ते! म्हैस पान्हा चोरायली!" गोठ्यातून आई ओरडत होती.

मी बंद केलं नाही. मी त्या काळात उस्मानाबाद जिल्ह्यातला हेवी मेटलचा पहिला चाहता होतो. (दुसरा अजून सापडलेला नाही. शोध चालू आहे.) पुण्याला इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष नापास होऊन मी बेंबळीजवळच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा माझी तिथली सगळी कमाई म्हणजे एक टेपरेकॉर्डर आणि एका विलायती बँडची एक कॅसेट. चौघं जण, खांद्यापर्यंत केस, आणि गिटारी अशा वाजवायचे की उसाच्या चरकात पत्र्याची बादली गेली असं वाटावं. बँडच्या नावाचा अर्थ मी आईला सांगून बसलो. तेव्हापासून घरात त्यांना 'गंजका हातोडा' म्हणायचे.

त्या सकाळी म्हशीनं चरवीचा तळ झाकेल एवढंही दूध दिलं नाही. आणि आमचे वडील, म्हणजे अण्णा, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन! चेअरमनच्याच घरचं कॅन रिकामं जायचं म्हणजे काय?

मी नापास झाल्यापासून अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. जे सांगायचं ते आईमार्फत. "त्याला म्हणावं, जेवून घे." मी समोरच्या पाटावर बसलेला असायचो. त्या दिवशी मात्र त्यांनी आईमार्फतही काही सांगितलं नाही. कॅसेट उचलली, तिच्यातली पट्टी ओढून काढली आणि ज्वारीच्या रानात खुंट्यांना ताणून बांधली. वाऱ्यावर ती भुणभुणली की पाखरं उडायची. (माझ्या आवडत्या बँडचा मराठवाड्यातला तो पहिला जाहीर कार्यक्रम. श्रोते शेवटपर्यंत थांबले नाहीत.)

पाखरांचा त्रास पुढं आपोआपच मिटला, कारण ज्वारी करपली. पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरीत दगड दिसायला लागले, गावाला टँकर सुरू झाला, वैरण संपली. उन्हाळ्यात आमची म्हैस गेली. अण्णा दोन दिवस गोठ्याच्या दारात बसून होते. रिकामं दावं तेवढं हातात.

आणि त्याच आठवड्यात पोस्टानं माझं पार्सल आलं. होस्टेलवरचा माझा मित्र विलास, त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं हातोड्याचं अगदी ताजं गाणं मिळवलं होतं आणि विलासनं ते कॅसेटवर उतरवून पाठवलं होतं. एकच गाणं. घरात आता तेवढी एकच कॅसेट.

आता माझ्या टेपला चार सेल लागायचे. आमच्याकडं नवे सेल आधी अण्णांच्या बॅटरीत जात. उजेड पिवळा पडला की आईच्या रेडिओत. रेडिओनंही नको म्हटलं की मग माझ्याकडं. मी ते पत्र्यावर उन्हात चांगले तापवून घ्यायचो. त्या वर्षी ऊन तेवढं मुबलक होतं.

तर मी बटण दाबलं, आणि काय सांगू? माझे हातोडे बदलले होते. गिटारी किंचाळत नव्हत्या, लांबच्या विहिरीवर मोट चालावी तशा कण्हत होत्या. गायक तर चक्क हंबरत होता. एकेक शब्द भरलेल्या बैलगाडीसारखा चढ चढून यायचा, मध्येच दम खायचा, पुन्हा निघायचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथंच बसून विलासला सहा पानी पत्र लिहिलं. 'बँड आता खरा वयात आला. वेग सोडायची हिंमत फक्त मोठ्या कलावंतात असते.' वगैरे.

त्याचं कार्ड आलं : 'गाणं मोटारसायकलच्या वेगावर आहे. संथ कुठून आलं?'

मला विलासची कीव आली. शहरात राहून माणसाचा कान बिघडतो.

एका दुपारी गाणं चालू असताना अण्णा येऊन माझ्या शेजारी टेकले. संपेपर्यंत हलले नाहीत. मग आईमार्फत नाही, थेट मला विचारलं, "काय गेलंय रं ह्याचं?"

दहा महिन्यांतलं त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य! खरं म्हणजे त्या गाण्यातलं अक्षरही मला कळत नव्हतं. पण तेवढ्यासाठी बाप पुन्हा गमवायचा?

"जनावर, अण्णा."

"म्हैस?"

"तिकडं म्हशी न्हायत. घोडी."

अण्णांनी बराच वेळ मान हलवली. "घोडीचंबी तसंच असतंय."

तेव्हापासून रोज दुपारी, "लाव ते घोडीचं." गाणं संपलं की अण्णा बोलायचे. विहीर अजून किती खोल न्यावी, ढोकीच्या कारखान्यात माझ्याजोगं काही काम निघेल का, म्हैस पहिल्यांदा आणली तेव्हा मी तिला घाबरून कसा कणगीत बसलो होतो. मी ऐकत राहायचो. हातोड्याचे उपकार मानायचो.

मग दूध संस्थेची सभा आली. सेक्रेटरी शिवलिंगअप्पा घरी आले होते. मी आतल्या खोलीत.

"अप्पा, गेलेल्या जनावरांसाठी दोन मिनिटं उभं ऱ्हावं म्हणतो," अण्णा म्हणाले.

"नुसतंच?"

"नुसतंच कसं? माझ्या पोराकडं गाणं हाय."

माझ्या पोराकडं. मला इंजिनियरिंगच्या चारही वर्षांत पहिला आल्यासारखं वाटलं.

सभा शाळेपुढच्या लिंबाखाली, भर दुपारी. लाउडस्पीकरवाल्या मुनीरनं लिंबाच्या शेंड्याला कर्णा बांधला, माझा टेप उघडला आणि तोंडानं चुकचुक केलं.

"भैया, ये सेलां तो कब के मरेले. नवे डालतूं."

"टाका की," मी म्हणालो. चांगल्या कामाला चांगले सेल. (आयुष्यात मी एवढ्या आत्मविश्वासानं फार थोडी वाक्यं बोललोय.)

टोप्या उतरल्या. सगळे दूधवाले माना खाली घालून उभे राहिले. मी बटण दाबलं.

कर्ण्यातून एक मोटारसायकल सुटली. तिच्यावर बसलेला माणूस पेटला होता आणि त्याला कुणी विझवत नव्हतं. शिवलिंगअप्पांनी खुर्चीचा आधार घेतला. पुढचा एक म्हातारा मटकन खाली बसला. आणि तेवढ्यात गावातून आरोळी आली, "टँकर आला गं, टँकर!"

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात मोठ्या आवाजाचा दुसरा अर्थच नव्हता. घराघरातून बाया घागरी घेऊन, टँकर जिथं रिकामा व्हायचा त्या विहिरीकडं धावल्या. सभासदांनी एकमेकांकडं बघितलं. मेलेल्या जनावरांचा मान मोठा, पण घागरीचा नंबर गेला तर? मागची रांग निघाली, मग मधली, शेवटी प्रोसिडिंगचं बुक काखेत मारून शिवलिंगअप्पासुद्धा. मुनीरही गेला.

मी बंद करायला हात घातला आणि थांबलो. अण्णा उभे होते. डोळे मिटून, टोपी दोन्ही हातांत धरून, त्या भडक्यापुढं एकटेच. गाणं मी शेवटपर्यंत वाजू दिलं.

बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्याकडं आल्या. "कुठाय टँकर?" एकीनं विचारलं.

"गाणं होतं, काकू."

"मग पाणी?"

 त्या मला काय काय म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि चुकीचंही नव्हतं.

त्या गेल्यावर अण्णांजवळ जाऊन मी सगळं कबूल केलं. माझ्या सहा पानांतलं सगळं कौतुक हातोड्यांचं नसून मरायला टेकलेल्या चार सेलांचं होतं, हे मलाही बोलता बोलताच कळत होतं.

"सेल उतरले होते, अण्णा. म्हणून ते तसं वाजायचं. घोडी न्हाय, मोटारसायकल हाय ती. कुणाचं काय गेलेलं न्हाय. आज वाजलं तेच खरं गाणं."

अण्णांनी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

"मग मला खोटं लावत जा."