गाडीचं तोंड रस्त्याकडे

मधुकररावांनी आयुष्यात गाडी कधी सरळ लावली नाही. सरळ म्हणजे तुम्ही-आम्ही लावतो तशी, नाक पुढे खुपसून. लग्न असो, बारसं असो, दवाखाना असो, ते गाडी उलटी आत घेत आणि तिचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे झालं की मगच उतरत. मागे बँडवाले खोळंबलेले, नवरदेव घोड्यावर अवघडलेला, कुणीतरी पाहुणा शिव्या गिळत उभा. आणि मधुकररावांची मान मागे वळलेली, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, गाडी गोगलगायीच्या चालीनं मागे मागे. वणीच्या एका मंगल कार्यालयात त्यांची गाडी लागेपर्यंत आत अक्षता पडून पहिली पंगत बसली होती.

"येणं कोनालेबी जमते, साडभाऊ," किल्ली खिशात टाकत ते म्हणायचे. "निंगता आलं पाह्यजे."

ते माझे थोरले साडू. त्यांची बायको सुमनताई आणि माझी बायको मीना या सख्ख्या बहिणी. पाटबंधारे खात्यात त्यांची उमेदीची वर्षं वणीला गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी लोहाऱ्यात आमच्या मागच्याच गल्लीत घर बांधलं. घराआधी त्यांनी फाटक बांधलं, आणि गाडी उलटी आत येते की नाही हे पाहूनच पायाचे दगड बसवले, असं मी चारचौघांत सांगायचो. सासुरवाडीत त्यांना 'रिव्हर्स जावई' हे नाव मीच पाडलं होतं. लोक हसायचे. सुमनताई मात्र हसायच्या नाहीत. चहा आणायला आत जायच्या. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

एकदा एका नातलगाच्या अंत्ययात्रेला आम्ही मोक्षधामात गेलो. तिथंही यांनी गाडी फिरवून लावली. मला राहवेना. म्हटलं, "अहो, इथून कोणाला बाहेर पडायचंय?"

"आपल्याले," ते म्हणाले, आणि टोपी काढून पुढे चालू लागले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी मारेगावच्या शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीची आकृती मी फळ्यावर अशी काढायचो की इन्स्पेक्टरसाहेबांनी मान डोलावली होती. वाळूच्या टेकड्या वाऱ्यानं कशा सरकतात हे मी हाताच्या लाटा करून दाखवायचो. समुद्र मी पाहिलेला नव्हता. पण आमच्याकडे हे चालतं. समुद्र न पाहिलेल्याच मुलांना समुद्र न पाहिलेला मास्तर शिकवतो, तेव्हा बिंग फुटायचं कोणासमोर?

तर निवृत्तीनंतर मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्या आडोशाला तंबू, तंबूसमोर चहाचे कप. मी त्याच दिवशी दोन तंबू मागवले, एक निळा, एक नारिंगी. गच्चीवर लावून पाहिले. निळा तंबू वाऱ्यानं उडून शेजारच्या पेरूच्या झाडावर जाऊन बसला, पण उत्साह तसाच राहिला.

मधुकरराव तयार होतील असं कोणालाच वाटत नव्हतं. सुमनताईंना दम्याचा त्रास. पर्समध्ये कायम पंप. मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "समुद्राची हवा दम्याला औषध असते." हे मी कुठं वाचलं होतं? कुठंच नाही.

मधुकररावांनी सुमनताईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "लग्न झालं तवापासून सुमन म्हणून राह्यली, समुद्र पाह्याचा हाय. चाल बाप्पा. पन निंगाचा रस्ता कोनता हाय, ते आधी सांग."

दक्षिण कोकणातल्या त्या गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून मला ओळखणारे असतील. गावाबाहेर सुरूचं बन, बनाला लागून वाळूच्या टेकड्यांची ओळ, आणि टेकड्यांपलीकडे समुद्र. टेकड्यांवर जांभळ्या फुलांची वेल पसरलेली. जागेची मालकीण, एक खणखणीत आवाजाची काकी, आम्हाला बनात तंबूची जागा दाखवत म्हणाली, "ही मर्यादवेल. टेकडी हिनंच धरून ठेवलीय, तुडवू नका. आणि गाडी बनातच राहू दे. वाळूत घालू नका."

मधुकररावांनी गाडी सुरूच्या झाडांमध्ये उलटी घेतली. तोंड गावच्या रस्त्याकडे. किल्ली नारिंगी तंबूच्या दांडीला लटकवली. "रात्रीबेरात्री कोनालेबी सापडली पाह्यजे," असा त्यांचा दुसरा नियम. उन्हं उतरल्यावर ते म्हणाले, "मी रस्ता पाहून येतो," आणि गावाकडे निघाले. समुद्र पाहायला आलेला हा माणूस आधी रस्ता पाहायला गेला.

इकडे सुमनताई टेकडी चढायला निघाल्या. कोरड्या वाळूत पाऊल पुढे टाकावं तर ते निम्मं मागे येतं. चार पावलांत त्यांना धाप लागली. टेकडीपलीकडे समुद्राचा आवाज येतोय, आणि बाई अलीकडे वाळूत बसलेली. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "आवाज आला, तेवढा पुरे."

माझ्यातला भूगोलाचा मास्तर जागा झाला. दोन टेकड्यांमध्ये एक वाट होती, बैलगाडी जाईल एवढी. वेलही तिथं नव्हती. उन्हाळ्यात आपण निर्गुडा नदीच्या कोरड्या पात्रातून जीप घालतो की नाही? मग ही तर रुंद वाट! मी दांडीची किल्ली काढली.

"अहो, भाऊजींना येऊ द्या," मीना म्हणाली.

"त्यांना येऊन काय करायचंय? फार तर गाडी उलटी लावतील."

गाडी वाटेतून गेली, झकास गेली, उतारावरून खाली घसरली आणि किनाऱ्यावर जाऊन थांबली. तोंड थेट समुद्राकडे. मी दार उघडून म्हटलं, "ताई, घ्या तुमचा समुद्र!"

सुमनताईंनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "बाई गं. याले दुसरा काठच नाही." आम्ही चिवडा काढला. सूर्य पाण्याला टेकायला आला. मी स्वतःवर इतका खूश होतो की पाणी जवळ येतंय हे मला दिसत होतं आणि कळत नव्हतं.

मग वारा फिरला. टेकडीच्या माथ्यावरची वाळू उडून आमच्या अंगावर येऊ लागली, बारीक, टोचणारी. काचा वर करेपर्यंत ताईंना खोकला सुटला. खोकल्यामागून धाप. त्यांनी पंप घेतला. पुन्हा घेतला. छातीतून शिटीसारखा आवाज यायला लागला आणि ओठांचा रंग बदलला.

"गाडी काढा!" मीना ओरडली.

मी गाडी मागे घेतली. म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. पुढची चाकं जागच्या जागी फिरली, वाळूचा फवारा उडाला आणि गाडी नाकावर बसली. मी आणखी जोर दिला. आणखी बसली. आता एक लाट बंपरखालून आत आली आणि परत गेली. भरती. फळ्यावर खडूनं काढायचो ती. पुढे समुद्र, मागे चढ, आणि वळवायला जागा नाही.

मी मागे पाहिलं तर वाटेच्या तोंडाशी मधुकरराव उभे. बनातली रिकामी जागा पाहून ते चाकांच्या खुणांमागे पळत आले असणार. त्यांनी गाडी पाहिली. गाडीचं तोंड पाहिलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दार उघडून ताईंना पुढे वाकवून बसवलं, पाठीवर तळहात ठेवला. "सुमन, माह्याकडं पाह्य. मी आलो ना? हळू. घाई नाही. हळू सोड." आवाज असा, की जणू घरी झोपाळ्यावर बसलेत. मग माझ्याकडे वळले तेव्हा मात्र तो आवाज नव्हता.

"तंबू आन. दोन्ही. गाद्या आन. पय!"

मी पळालो. आयुष्यात तेवढा पळालो नाही. खुंट्या उपटल्या, तंबू फरफटत आणले. मधुकरराव गुडघ्यावर बसून हातांनी चाकांमागची वाळू उकरत होते. "पऱ्हाटी टाकतो ना आपन चिखलात, तसंच," ते म्हणाले. काळ्या मातीत फसलेल्या गाडीखाली कपाशीची वाळकी झाडं टाकायची, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. मला का सुचलं नाही? कारण मी पहिल्यापासून रेस दाबत होतो.

निळा तंबू एका चाकामागे, नारिंगी दुसऱ्या. गाद्या वाटेच्या चढाला. मीना ताईंना धरून मागच्या सीटवर. ते स्टिअरिंगवर बसले. लाट आता चाकापर्यंत यायला लागली होती.

"तू पुढून लोट. पान्यात उतर."

मी उतरलो. गुडघाभर पाणी, पायाखालची वाळू निसटतेय, हात बॉनेटवर, आणि काचेतून समोर तो चेहरा. नाही, चेहरा दिसतच नव्हता. मान मागे वळलेली. एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर. लग्नांत, बारशांत, मोक्षधामात पाहिलेली तीच मान, जिच्यावर मी इतकी वर्षं विनोद केले.

गाडी हलली. तंबू फाटल्याचा आवाज आला. ती एक हात मागे गेली, थांबली, पुन्हा धरली. त्यांनी रेस वाढवली नाही. एवढ्याशा वाटेतून, वर चढ, दोन्ही बाजूंना टेकडीची वाळू ढासळतेय, आणि ते गाडी मागे घेतायत, सरळ रेषेत, वेलीला चाक न लावता. सरळ गाडी चालवणारे खूप असतील. पण त्या चढावरून उलटी गाडी नेईल असा माणूस आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकच होता, आणि त्याचा सराव आम्ही सगळ्यांनी हसत पाहिला होता.

माथा ओलांडून गाडी बनात गेली. मी ओल्या विजारीनं धावत जाऊन आत पडलो. रस्ता त्यांनी पाहून ठेवलाच होता. कुठं खड्डा, कुठं वळण, दवाखान्याकडे कुठून फुटायचं. एकाही माणसाला विचारावं लागलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात ताईंच्या तोंडावर वाफेचा मास्क लागला. ओठांवर रंग परत यायला लागला तशा नर्सबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत." मधुकरराव बाहेर बाकावर येऊन बसले. तेव्हा कुठं त्यांनी नखांतली वाळू काढायला घेतली. मी शेजारी बसलो.

तेच आधी बोलले. "वनीले असताना हिले पहिल्यांदा असंच झालतं. नवं नवं लग्न. कोयश्याच्या खाणीची धूळ. क्वार्टरची गल्ली अशी चिंचोळी, अन् माह्या जीपचं तोंड भिताडाकडं. मांगं कोनाचा तरी टरक उभा. ड्रायव्हर सापडे ना. शेजाऱ्यायनं जीप उचलून फिरवली. तवरोक ही..." ते थांबले. "वाचली. पन त्या दिवशी मी भिताडाकडं पाहून राह्यलो होतो."

बस. एवढंच. परत त्यांनी तो विषय काढला नाही, मलाही शब्दानं बोलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले, "तंबू चांगले होते तुहे. पऱ्हाटीपेक्षा बरे."

'रिव्हर्स जावई' हे नाव त्यानंतर मी घेतलं नाही. दुसऱ्या कुणी घेतलं तर मी चहा आणायला आत जाऊ लागलो.

मधुकरराव गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी फाटक उघडायला म्हणून उठले आणि पायरीवर बसले ते बसलेच. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं, पण या खेपेला त्याचा उपयोग झाला नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी मान हलवली.

तेरवीनंतर मी त्यांची गाडी सामान आणायला नेली होती. परतलो तेव्हा ऊन होतं, भूक लागली होती, मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या. आपली नेहमीची सवय, नाक पुढे खुपसून आत घातली आणि उतरलो. सुमनताई दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"दिलीपराव, गाडी फिरवता का?"

"फिरवतो ना. कुठं जायचंय का, ताई?"

"मले कुठं जाचं हाय आता," त्या आत मधुकररावांच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या. "पन गाडी अशी असली का यायले झोप नाही लागत ना."

मी पुन्हा गाडीत बसलो, ती बाहेर काढली. मान मागे वळवली, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर ठेवला. फाटकाला एकदा घासली, कुंडी एक फुटली. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दिला.